सगळ्यांची इच्छा

मल्लेश्वरम, बंगळूर
१८ जानेवारी १९९८

आदरणीय जयसिंगराव सर यांस,
नागनाथचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. काकूंचे गुडघे निपाणीच्या थंडीत पुन्हा धरले, हे वाचून काळजी वाटली. इथं आम्ही ठीक आहोत. भार्गवी सहामाहीत वर्गात पहिली आली. कावेरीनं घरीच शिवणकाम सुरू केलंय. मीही हल्ली दिवसभर घरी असतो.

कारखान्यातल्या मंडळींबरोबर माझ्या घरी होणाऱ्या रविवारच्या वाचनाला सध्या कोणतं पुस्तक घेतलंय, आणि शिवरात्रीला येऊन मंडळींशी बोललो तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. घरी जरूर या, आठ दिवस राहा. पण बोलायला कुणी उरलं नाही, सर. वाचन बंद झालं.

कारण लिहायचं टाळत होतो. तुम्ही इथं येऊन समोर बसून विचारण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

दिवाळीनंतर कारखान्यानं सगळ्या कामगारांना बायकामुलांसकट शहराबाहेरच्या एका मनोरंजन उद्यानात नेलं. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या. भार्गवी आदल्या दिवसापासून नाचत होती. जेवणं झाल्यावर मॅनेजर माइकवर उभे राहिले. कारखाना बंद होणार म्हणाले. स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज टेबलावर ठेवलेत. झाडून सगळ्यांनी सह्या केल्या तर चांगली रक्कम मिळेल, एकानंही नकार दिला तर योजना रद्द आणि पैसे न देताच फाटकाला कुलूप. "संध्याकाळपर्यंत विचार करा. तोवर पाळण्यात बसा, सगळं फुकट आहे."

मी सही करणार नाही म्हणालो. निदान आपली वाचनातली मंडळी माझ्या बाजूनं उभी राहतील असं वाटलं. कॉलेजात तुमच्याकडून शिकलेलंच त्यांना वाचून दाखवत होतो ना इतकी वर्षं? राज्य करणाऱ्याला अधिकार मिळतो तो लोकांच्या संमतीनं, आणि भीती घालून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे.

तासाभरानं बसवंत आला. आमच्यात सगळ्यात हुशार, लेथवर काम करता करता वाद घालणारा.

"अण्णा, हात वर करून मत घेतलं. तुम्ही एकटेच राहिलात."

"ते हात भीतीनं वर झालेत, बसवंता."

"असतील. पण सगळ्यांची मिळून जी इच्छा ठरते, तिच्यापुढं एकट्यानं आडवं येऊ नये, हे तुम्हीच वाचून दाखवलंत. मग आज काय झालं?"

याला उत्तर आहे, सर. बहुमत वेगळं आणि सर्वांचं हित वेगळं, हे तुम्ही मला किती समजावलं होतंत. पण त्याच्यामागं त्याची गरोदर बायको उभी होती. कुणी शिवी दिली नाही. म्हाताऱ्या देवाप्पानं नुसते हात जोडले. कावेरी खाली बघत होती. तेवढ्यात भार्गवी ओल्या केसांनी धावत आली.

"पप्पा, सगळे तुमच्याकडंच का बघायलेत?"

मी सही केली.

टाळ्या पडल्या. लोकांनी मला खांद्यावर घेतलं आणि भार्गवीबरोबर आकाशपाळण्यात नेऊन बसवलं. पाळणा वर गेला तशी ती म्हणाली, "पप्पा, भ्यालात होय?" मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी बसवंत नेहमीसारखा दारात चपला काढून आत आला. "वाचू या ना अण्णा, स्वल्प तरी." मी पुस्तक उघडलं आणि न वाचताच मिटून ठेवलं. त्याला जायला सांगितलं. जिना उतरताना तो रडत होता, असं शेजारीण म्हणाली. आता तो इथल्याच शिवाजीनगरात एका गॅरेजमध्ये लागलाय. बाकीचे कुठं कुठं पांगले.

त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग येत नाही. बसवंतच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि मग इतकी वर्षं आम्ही वाचलं ते कशासाठी, एवढंच डोक्यात फिरत राहतं.

तुमची पुस्तकं पार्सलनं परत पाठवतोय. कृपा करून नवीन पाठवू नका. काकूंना नमस्कार सांगा.

आजवर प्रत्येक पत्राखाली 'आपला विद्यार्थी' असं लिहीत आलो. आज हात धजत नाही.

नागनाथ