लाल पट्टीच्या रोपांनी केलेला दगा

३ मार्च, सकाळ.
मी बोलते, फोन लिहितो. नातीने लावून दिलंय. वाचणार कुणी नाही. मलाच वाचता येत नाही, तेव्हा मनातलं बोलायला हरकत नाही. आजची पहिली तक्रार: माझी गॅलरी गेली. नातीच्या लॅबमध्ये रोपांची खोली गार ठेवणारं मशीन बंद पडलं, म्हणून तिने टोमॅटोच्या रोपांचे दोन ट्रे घरी आणले आणि बरोबर माझ्या खुर्चीच्या जागी मांडले. वर पांढरे दिवे. मला विचारलं का? विचारलं. मांडून झाल्यावर.

४ मार्च.
नातीने प्रयोग समजावला. सगळा कळला. झाडाच्या आत हुकूम निघतात, हे कर, ते थांबव. हुकूम चिठ्ठीवर जातो, त्या चिठ्ठीचं नाव आरएनए. पाणी तुटलं, मीठ वाढलं, ऊन तापलं की झाड काही चिठ्ठ्यांवर बारीकशी खूण करतं. खुणेवरून ठरतं, कुठली चिठ्ठी सांभाळायची आणि कुठली फाडायची. खुणा करणारे वेगळे, वाचणारे वेगळे, पुसणारे आणखी वेगळे. म्हटलं, म्हणजे टोमॅटोसुद्धा लिहायला-वाचायला शिकला, राहिले ती मीच. नात हसली. मी नाही हसले.
निळ्या पट्टीच्या ट्रेमधलं वाण खुणा भरपूर करतं. लाल पट्टीचं वाण फारशा करत नाही. आता दोघांचं पाणी बंद. निळी तग धरतील, लाल माना टाकतील, असा नातीचा अंदाज. हे सिद्ध झालं की तिची पीएचडी संपेल आणि पुढची नोकरी मिळेल. अर्धवट राहिलं तर फेलोशिप संपून ती घरी बसेल.
माझं काम राखणीचं. कुणी पाणी घालायचं नाही. मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

८ मार्च.
डोळ्यांत तेल घालून राखण चालू. सून कपडे वाळत घालायला आली, तिला दारातूनच परत पाठवलं. ओल्या कपड्यांचा थेंब पडला असता. सून म्हणाली, आई, मग कपडे कुठे वाळवू, डोक्यावर? म्हटलं, विज्ञानासाठी एवढं करावं लागतं.

९ मार्च.
लाल ट्रेकडे बघवत नाही. पानं अशी लोंबतायत, जशी रात्रपाळी करून आलेली माणसं. निळी मात्र ताठ. नुसती ताठ नाहीत, ताठ्यात आहेत. नातीला म्हटलं, अगं, त्यांना खुणा करता येत नाहीत हा काय त्यांचा गुन्हा? ती म्हणाली, आजी, गुन्हा नाही गं, स्ट्रेस आहे, आपण तो मोजतोय. मोजतेय म्हणे! शेजारी उभं राहून कुणाची तहान मोजतात का?
पण निश्चय पक्का. मध्ये पडायचं नाही.

१० मार्च, दुपार.
मध्ये पडलेले नाही. तांदूळ धुतले, धुवण टाकायचं होतं. मोरी लांब, गुडघा धरलेला. लाल ट्रे वाटेत. बस.
नात म्हणाली होती पाणी घालू नको. धुवण घालू नको असं कुठे म्हणाली होती?

११ मार्च.
गुडघा अजून धरलेलाच.

१३ मार्च.
नात रोज कुंड्या काट्यावर ठेवून वजन करते. पाणी आटतं तसं वजन उतरायला हवं म्हणे. निळ्यांचं उतरलं, लालचं वाढलं. ती वैतागली, म्हणाली, काटाच बिघडलाय. मी लगेच पाठिंबा दिला. म्हटलं, या काट्यावर अजिबात विश्वास ठेवू नये, मलासुद्धा तो जाड दाखवतो. उद्या ती दुसरा आणणार आहे.
कानाला खडा. आता धुवणसुद्धा नाही.

१४ मार्च.
नव्या काट्यावर वजन करायची वेळ सकाळची. धुवणाची वेळ दुपारची. त्यातून दुपारी वरून दिव्यांचा ताप. थोडंसंच घातलं, सकाळपर्यंत आटेल इतकं. याला हिशेबी डोकं म्हणतात.

१७ मार्च.
आनंदीआनंद! लाल रोपं टवटवीत. नात गॅलरीत नाचली. खुणा न करता टिकली, म्हणजे या वाणाकडे तहान सोसायची काहीतरी वेगळीच युक्ती आहे, असं तिचं म्हणणं. आहे ना. ती युक्ती आत भात शिजवत होती.
संध्याकाळी तिचे सर स्वतः आले. वाकून वाकून पानं बघितली. मग विचारलं, घरात कुणी पाणी तर घालत नाही ना? नातीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, सर, इथे माझी आजी बसते. आपल्या लॅबच्या कुलपापेक्षा पक्की आहे ती.
सरांनी मला नमस्कार केला. मी मान हलवली. मग गुडघा विसरून चहा टाकायला आत गेले.

१९ मार्च.
निश्चय: आजपासून एक थेंब नाही. आता नातीची इज्जत आहे. पण एकदम बंद केलं तर एकदम कोमेजतील आणि संशय येईल. हळूहळू कमी करते. आज नेहमीएवढंच घातलं, उद्यापासून हळूहळू.

२१ मार्च.
नातीने दोन्ही ट्रेमधली पानं खुडून, धूर निघणाऱ्या थंडगार डब्यात टाकून नेली. त्यांच्यातल्या चिठ्ठ्या वाचणार. वाचू दे. पानाला काय तोंड आहे?

२६ मार्च.
पानाला तोंड आहे.
नात दुपारीच घरी आली. चपला न काढता माझ्यासमोर बसली. म्हणाली, लाल पानांमध्ये तहानेची एकही चिठ्ठी नाही. खुणा कमी असणं ठीक, पण तहान लागली तर निघायचे ते हुकूमच निघालेले नाहीत. आजी, ही रोपं तहानलेलीच नव्हती. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुझं ते पक्कं कुलूप कुठेय?
ज्यांना मी जगवलं, त्यांनीच चुगली केली! बाहेरून चूप, आत एकेक थेंबाची नोंद. निळी निदान तोंडावर ताठ होती. ही खालमानेची लाल पोरं मला गोत्यात घालून मोकळी.
मी म्हटलं, वरच्या मजल्यावरून गळत असेल. नातीने छताकडे बघितलं. कोरडं ठणठणीत. मग म्हटलं, सून कपडे वाळत घालते. नात म्हणाली, आजी, आईला तूच येऊ देत नव्हतीस.
मग ती उठून चपला काढायला गेली. भांडली असती तर मी जिंकले असते.

२७ मार्च.
नात माझ्याशी बोलते, पण पाहुण्यांशी बोलावं तशी. चहा घेतेस का? घेते. साखर? चालेल. माझी साखर तिला लहानपणापासून माहीत आहे. दगा म्हणतात तो हाच.

३० मार्च.
फेलोशिप जुलैपर्यंतच आहे. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून, नवी रोपं. सरांनी एवढी एकच संधी दिली. नवे ट्रे आपल्या घरी नाहीत, खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे. का, तर त्याच्याकडे निवडुंगसुद्धा जगत नाही. ही त्याची लायकी! मी आयुष्यभर झाडं वाढवली, आणि विश्वास कुणावर, तर हात लावताच झाडं मारणाऱ्यावर.
रिकाम्या गॅलरीत माझी खुर्ची परत आणून ठेवली. बसवलं नाही.
जेवताना नातीने वर न बघता विचारलं, आजी, वाया गेलेल्या बॅचचं कारण प्रबंधात लिहावं लागतं. धुवण किती घालायचीस?
मी म्हटलं, कसलं धुवण? मी काय घातलंय? घातलं असलंच तर वाटीभर.
आतून सुनेचा आवाज आला, तांब्याभर, आई. रोज.
म्हणजे ती रोज बघत होती!
नातीने तांब्याभर लिहिलं. मग माझ्या ताटात आणखी भात वाढला. किती हवा, ते विचारलं नाही.