चाळीस डुकरांचे नमुने

३ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहिणार. संशोधक लिहितात. कुणाच्या अंगावर चरबी जास्त चढते, कुणाच्या कमी, त्याचं कारण जीन्समध्ये सापडतं का, असा आमचा डुकरांवरचा प्रोजेक्ट. निफाडजवळच्या फार्मवर चाळीस डुकरं. रूपाली मॅडमनी मशीनने सगळ्यांच्या पाठीची चरबी मोजली. आता प्रत्येकाचे वीस केस मुळासकट उपटून नंबरच्या पाकिटात भरायचे. ते काम माझं. तीस तारखेला कॉन्ट्रॅक्ट संपतं. मुदतवाढ नक्की मिळेल. नाही मिळाली तर सटाण्याला मेव्हण्याच्या हाताखाली कांदे निवडणं. सासरे दर फोनला सांगतात, कांदाचाळमा जागा शे.

५ नोव्हेंबर
एक नंबरने गुडघ्यावर धडक दिली. दोन नंबर हाती लागला नाही. तीन नंबर चावला. पाकिटं शून्य, पण अनुभव मोठा.

७ नोव्हेंबर
सतरा नंबर, मैना. अंगाने बेताची, स्वभावाने गरीब. भाकरी दिली की हलत नाही. बायकोने, उज्वलाने दिलेला अख्खा डबा तिला घातला. पहिलं पाकीट भरलं!

१२ नोव्हेंबर
विचार केला. एकाच फार्मवरची डुकरं, म्हणजे भाऊबंदच. असा कितीसा फरक असणार? अठरा आणि एकोणीसचे केसही मैनाचेच घेतले. फक्त दोन पाकिटं. उद्यापासून नियमाने.

१६ नोव्हेंबर
चाळीस पाकिटं लॅबला गेली. मॅडम म्हणाल्या, भिकन, इतकं स्वच्छ काम आजवर कुणी केलं नाही. मी म्हणालो, जनावराला जीव लावावा लागतो. हे खोटं नाही.
उज्वला म्हणते, डबा चाटूनपुसून येतो, मग तुम्ही का वाळताय? दोन भाकऱ्या वाढवल्यात. मैनाला आता सवयच झाली आहे.

२२ नोव्हेंबर
फार्मचे मालक नाथाभाऊ विचारत होते, मैनाच्या मानेवर केस नाय राहिले, खरूज हाय का? मी म्हणालो, हवामान.
लॅबला फोन केला, पाकिटं परत मिळतील का? टेस्ट सुरू झाली म्हणे. जेवण जात नाही.

२७ नोव्हेंबर
नवश्या गणपतीला नवस बोललो. चाळीस नमुन्यांत थोडाथोडा फरक पडू दे. जास्त नको.

२९ नोव्हेंबर, सायंकाळी ५
रिपोर्ट आला. मॅडमनी फार्मवरच वाचून दाखवला. नमुने चाळीस, जनावर एक. कोणतं ते विचारावं लागलं नाही, सगळ्यांनी मैनाच्या मानेकडे बघितलं. तिच्या जीन्समध्ये चरबी कमी साठवणारा प्रकार निघाला. मॅडमनी तिला पुन्हा मशीन लावलं. चरबीत फार्मवर पहिली. हिला काय घालतोस, त्यांनी विचारलं. मी डबा पाठीमागे धरला.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्या किल्ल्या देऊन जा, एवढंच म्हणाल्या. फार लाज वाटली.
सासऱ्यांना मीच फोन केला. जागा अजून शे.
निघताना मैनाकडे गेलो. मला बघून ती उठली, जवळ येऊन गप उभी राहिली आणि सवयीने मान पुढे केली.