लाल जरा कमी

ता. ६ जानेवारी

चि. सौ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपलं पाचव्या मिनिटाला भांडण होतं, म्हणून तुझ्या वहिनीने फर्मान काढलंय की टीव्हीचा विषय दोघांनी यापुढे पत्रातूनच काढायचा. लिहिताना माणूस दम खातो, असं तिचं म्हणणं. मी दम खातोय, पण डोकं काही थंड होत नाही.

गेली तीन वर्षं मी त्या लाकडी कॅबिनेटच्या रंगीत टीव्हीच्या मागे लागलोय, हे तुला माहीत आहे. कारखाना बंद पडायच्या आधी ते मॉडेल जेमतेम तीनशे निघालं. बाबांनी तुला लग्नात दिलेला सोडला तर चालू स्थितीतला दुसरा सेट माझ्या माहितीत नाही. मी याचे सगळे कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह धुंडाळून आणले, कॅबिनेटला सात हात पॉलिश केलं. आणि चित्र? मी बघतो तेव्हा झकास असतं. कोणी बघायला आलं की बिघडतं! शेजारचे मास्तर म्हणाले, बातम्या देणाऱ्या बाईला कावीळ झालीय का. तुझी वहिनी म्हणाली, कावीळ नव्हे, शेवाळ. मी लाल वाढवला, मला छान वाटलं. दुसऱ्या दिवशी पोस्टमन म्हणाला, बाईंच्या थोबाडीत कोणी मारली.

निदान उघड आहे. पिक्चर ट्यूब तापली की रंग सरकतात. ही ट्यूब मला आपल्या दंतवैद्याने दिली, कोरी आहे म्हणून; तोही माझ्यासारखाच जुने सेट जमवतो. तीस वर्षांची मैत्री, आणि घासलेला माल माझ्या गळ्यात मारला.

तर आता मुद्द्याचं. तुझ्या सेटची ट्यूब मला दे. माझी तुझ्यात बसवून देतो, तुमचा काय, बातम्यांपुरता उपयोग. वीस मार्चला आमच्या जुन्या रेडिओ-टीव्हीच्या संग्राहक मंडळाचं प्रदर्शन आहे आणि मधल्या टेबलावर हा सेट चालू दिसला पाहिजे. सत्तरी आली, आता पुढच्या वर्षीवर ढकलण्यात अर्थ नाही.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच, ट्यूब दिलीस तर दुप्पट होईल.

तुझा
दादा

ता. १५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वहिनीला माझा साष्टांग नमस्कार सांग, तिची कल्पना नामी आहे. तू फोनवर इतका वेळ मला बोलू दिलं नसतंस.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा जिने चढताना कुरकुरतो. हे निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घालत फिरतात, आता दार उघडलेलं कळतसुद्धा नाही. लेकीची बदली झाली, त्यामुळे नातू महिनाभर आमच्याकडे नाही आणि घर भलतंच आवरलेलं आहे.

ट्यूबचं म्हणशील तर दादा, मला नाही द्यावीशी वाटत. बातम्यांपुरता उपयोग हे तूच ठरवून टाकलंस. मी तो सेट दर रविवारी दुपारी लावते आणि समोर बसते. बाबांनी मला दिलेली तेवढी एकच वस्तू आहे.

त्यापेक्षा एक कर ना. रंगांचे स्क्रू सगळे सेटच्या पाठीमागे, म्हणून आपल्या दुकानात टीव्ही दुरुस्त करताना बाबा मला समोर आरसा धरून बसवायचे, आठवतं? तसं वहिनीला समोर बसव. ती सांगेल तसा तू मागून स्क्रू फिरव. तुला कसं दिसतं ते बघूच नकोस. एकदा करून तर बघ. आणि कृपा करून दंतवैद्यांना काही बोलू नकोस. ते तसे नाहीत.

रागावला असशील, तरी लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ठमी

ता. २४ जानेवारी

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आशीर्वाद.

वहिनीला समोर बसव म्हणे! जिने गेल्या आठवड्यात इस्त्रीचा प्लग रेडिओला लावला, ती मला रंग जुळवायला शिकवणार? सेटला हात लावल्याशिवाय सल्ले देणं फार सोपं असतं, ठमे.

परवा मंडळाचे तिघे सेट तपासायला आले. मी सकाळपासून तीन वेळा रंग लावून ठेवले होते, अगदी नजर लागेल असे. तिघे समोर उभे राहिले, एकमेकांकडे बघितलं, एकाने खोकून घेतलं. मग अध्यक्ष चहा ढवळत म्हणाले की कॅबिनेट अप्रतिम झालंय, प्रदर्शनात सेट बंदच ठेवू. बंद! जणू मी सुतार आहे. दंतवैद्य त्यांच्याबरोबर आला होता. माझा तोल गेला. सगळ्यांदेखत त्याला लबाड म्हणालो. त्याने कप खाली ठेवला आणि निघून गेला. गेला तर गेला.

माझ्या कामात खोट नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. बाकीचे मेकॅनिक रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचून त्याचं माप ठरवतात आणि मोकळे होतात. मी एकूण एक मीटरवर मोजतो. डोळ्यांवर विसंबू नकोस, मीटरवर विसंब, हे बाबांचं वाक्य मी आजही मंडळात नवख्यांना सांगतो.

तेव्हा आता हो-नाही पुरे. आठ तारखेला गाडी घेऊन येतो आणि ट्यूब काढून नेतो. मेहुण्यांना म्हणावं, दाराला तेल आहेच, उघडं ठेवा.

दादा

ता. २९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहितेय ते फाडणार नाही. तू बसून वाच, आणि पूर्ण वाच.

दादा, तुला लाल आणि हिरवा रंग नीट कळत नाही. लहानपणापासून कळत नाही. ट्यूब चांगली आहे, दंतवैद्य सच्चे आहेत, काही तापत नाही की सरकत नाही. तुला जे झकास दिसतं ते आम्हाला हिरवं दिसतं, किंवा लालभडक.

बाबांच्या लक्षात आलं तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. एका गिऱ्हाइकाच्या सेटमध्ये तू लाल आणि हिरवी वायर उलटसुलट जोडलीस आणि चित्र बघून खूश झालास. बाबांनी तो सेट गुपचूप नीट केला आणि मला मागच्या खोलीत बोलावून सांगितलं. म्हणाले, पोराचा हात सोन्यासारखा आहे, कळलं तर कच खाईल, तू कुणाला सांगायचं नाही. मी पंधरा वर्षांची होते. शपथ घातली त्यांनी.

तेव्हापासून तू स्क्रू फिरवत असलास की मी आरसा धरून मोठ्याने बोलायची. लाल जरा कमी, हिरवा वाढव, आता थांब. तू मला बडबडी म्हणायचास. ते माझं काम होतं, दादा. दुकानातल्या लाल वायरीला एक गाठ आणि हिरवीला दोन गाठी असायच्या, ती काही दुकानाची पद्धत नव्हती. आणि ते मीटरचं वाक्य बाबांनी फक्त तुझ्यासाठी तयार केलं होतं. स्वतः ते पट्टेच वाचायचे.

ट्यूब हवी असेल तर आठ तारखेला येऊन ने. मी अडवणार नाही. पण ती बसवूनही तेच होईल, आणि मग दोन्ही सेट जातील.

माझ्यावर चिडलास तरी पत्र लिही. एवढा लोभ ठेव.

तुझी
ठमी

ता. ४ फेब्रुवारी

सौ. बहिणीस,

पत्र मिळालं. येत नाही.

तुझं लग्न झालं, वर्षाने बाबा गेले, आणि पुढच्या दोन वर्षांत दुकानाला कुलूप लागलं. मी बेचाळीस वर्षं सांगत आलो की लोक कृतघ्न, समोरच्या नव्या दुकानाच्या झगमगाटाला भुलले. माणसं दुरुस्त झालेला सेट घरी नेत होती आणि तसाच परत आणून ठेवत होती, आणि मी त्यांच्याशी हुज्जत घालत होतो. तुला प्रत्येक पत्रातून हे कळवलं होतं. तू मला धीर दिलास, आणि खरं दाबून ठेवलंस.

तुझ्या वहिनीलाही ठाऊक होतं का, की मी एकटाच वेडा?

तुझा भाऊ

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीला काहीच ठाऊक नव्हतं. तिच्यावर तोंड टाकू नकोस. तिला हिरवं दिसलं, ती हिरवं म्हणाली, एवढाच तिचा अपराध.

तुझा राग रास्त आहे. पण आता माझाही ऐक, कारण मीही थोडीथोडकी चिडलेली नाही. मला ते काम शिकायचं होतं. मी बाबांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, तू मागे बसलीस तर समोर आरसा कोण धरणार? तुला दुकान मिळालं, अवजारं मिळाली, पाटीवर तुझं नाव लागलं. मला गप्प बसायचं काम मिळालं आणि ते मी मन लावून केलं. बाबा गेल्यावर ही शपथ कोणाला परत करायची तेच मला कळेना. तुझी ती दुकानाची पत्रं वाचून मी रडायचे आणि उत्तरात हवापाण्याचं लिहायचे. भित्रेपणा होता तो. माझी चूक आहे, पण बाबांची जास्त आहे आणि हे मी पहिल्यांदाच लिहितेय.

आणखी एक. माझ्या सेटचे रंग बाबांनी लावून दिलेले होते तसे राहिलेले नाहीत. जुन्या सेटचे राहतच नाहीत. दरवर्षी मी पाठचं झाकण उघडते आणि स्वतः लावते. चाळीस वर्षं लावतेय. यांच्याशिवाय कोणाला सांगितलं नाही.

लोभ मागत नाही. उत्तर तेवढं मागते.

ठमी

ता. २६ फेब्रुवारी

चि. सौ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं खोटं ठरावं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याच्याकडे रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक आहे, प्रत्येक पानात आकडा लपवलेला. मी पानामागून पान बघत गेलो. पहिल्या पानावर आकडा दिसला. तो म्हणे सगळ्यांनाच दिसतो. पुढे नुसते ठिपके. तुझी वहिनी शेजारी बसून भराभर आकडे वाचत होती, शेवटी मी तिला गप्प केलं. डॉक्टरने विचारलं, धंदा काय होता. मी सांगितलं. मग तो बराच वेळ कागदावर मान घालून लिहीत राहिला. एवढं काय लिहायचं होतं देव जाणे.

त्यानंतर पंधरा दिवस मी सेटला हात लावला नाही. सगळी गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर येत होती. एक म्हातारा मला हात जोडून म्हणाला होता की बाळा, टीव्हीवर गाणारी माझी नात हिरवी दिसते. त्याला मी चष्मा बदलायला सांगितलं होतं.

काल दंतवैद्याच्या दारात जाऊन माफी मागितली. त्याने आत घेतलं, सगळं ऐकलं आणि ठसका लागेपर्यंत हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. म्हणाला, मला राग लबाड म्हणाल्याचा नाही, माझा माल न तपासता म्हणालास त्याचा आहे. मीटरवाल्याला हे ऐकून घ्यावं लागलं.

तुझ्यावरचा राग पुरता गेलेला नाही, खोटं कशाला सांगू. बाबांवर तर काढताही येत नाही. पण सेट इथे आहे आणि दिवस थोडे आहेत. तू ये. पाठीमागे तू बस, स्क्रू ड्रायव्हर तुझ्या हातात. गुडघ्यासाठी बुटकं स्टूल करून घेतलंय. मंडळाला मी कळवलंय की सेट चालू राहील.

येच. वाट बघतोय.

दादा

ता. २३ मार्च

चि. सौ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू घाईने दुसऱ्याच दिवशी गेलीस, बोलायचं राहून गेलं. तुझी बस गेल्यावर वहिनी म्हणाली, भांडण न होता तुम्ही पाच दिवस काढलेत. मी म्हटलं, दोनदा झालं, तू स्वयंपाकघरात होतीस.

प्रदर्शनात तू लाजून मागच्या रांगेत जाऊन बसलीस, म्हणून पुढचं तुला दिसलं नसेल. सेट दहा ते पाच चालला, एकदाही विझला नाही. एक बाई पडद्यावरच्या बातम्या देणारीकडे बोट दाखवून मुलाला सांगत होती, बघ, आता बोलेल बघ ही. अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. मी म्हणालो, रंग माझ्या बहिणीने लावलेत. ते विनय समजले आणि माझी पाठ थोपटू लागले. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी चारचौघांत ओरडून सांगितलं की मला लाल-हिरवं कळत नाही, कधीच कळलं नाही, हे सगळं तिचं आहे. हॉल शांत झाला तेव्हा तुला वाटलं असेल की फ्यूज गेला.

आता एक कबूल करतो, रागावू नकोस. चौथ्या दिवशी तू हात पुसून झालं म्हणालीस तेव्हा मी वा म्हणालो. ते खोटं होतं. मला काहीही बदललेलं दिसलं नाही. जानेवारीत मी लावलेलं चित्र आणि तुझं चित्र, माझ्यासाठी एकच आहे. हॉलमध्येही तासभर टक लावून बघितलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेच. कंबर मोडेपर्यंत तू काय केलंस ते जगाला दिसलं आणि मला ते मरेपर्यंत दिसणार नाही. फार चिडलो मी, ठमे, आणि तुझा हेवाही वाटला.

शेवटी सेटकडे पाठ केली आणि बघायला आलेल्या माणसांच्या तोंडांकडे बघत पाच वाजेपर्यंत उभा राहिलो. तिथे मला सगळं नीट दिसत होतं.

मेहुण्यांना नमस्कार. तुझा लोभ मी पन्नास वर्षं बडबड समजलो, यापुढे कान देऊन ऐकेन.

तुझा
दादा