‘काम चालू’ रकान्यातली चिठ्ठी

प्रिय आत्या,

तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी, घडलं ते क्रमाने सांगते.

१. संडे स्कूलच्या खोलीत मी प्रार्थनांचा फळा लावला.
२. मुलं यायला लागली.
३. पाळकीणबाईंना ताप आला.
४. एका मुलीने घरातलं अर्धं कपाट रिकामं केलं.

आता सलाम. गुडघा कसा आहे? दादाकडे जिना चढावा लागत नाही ना? (इथे सगळे तुझी आठवण काढतात. माझ्याच वर्गात बसून काढतात, ते जरा बोचतं.) मी बरी आहे. झोप लागत नाही, पण ते सोड.

तू वर्ग माझ्या हाती देऊन गेलीस, तेव्हा उरलेली चार-दोन मुलंही मागच्या बाकावर मोबाइलमध्ये मुंडी घालून बसायची. कमिटी म्हणाली, नव्या पिढीला रुचेल असं काहीतरी करा, तुम्ही इंजिनिअर आहात. मी लिफ्टची इंजिनिअर आहे. मला जे येतं ते मी केलं. आमच्या ऑफिसात लिफ्टच्या तक्रारींचा फळा असतो, तसाच इथे लावला. तीन रकाने: ‘आली’, ‘काम चालू’, ‘झाली’. मुलांनी आपली प्रार्थना चिठ्ठीवर लिहायची आणि चुंबकाने लावायची. (गोष्टी सांगायची तुझी कापडी चित्रं टाकलेली नाहीत. पेटीत आहेत, मेंढरं सगळ्यात वर.) थोड्याच दिवसांत बाक पुरेनात. मोबाइल खिशात गेले. मला वाटलं, जमलं.

मग धाकट्या पोरांनी, गणिताच्या बाईंना सुट्टी मिळावी, अशी चिठ्ठी लावली. गणिताच्या बाई म्हणजे आपल्याच पाळकीणबाई. त्या तापाने पडल्या, आणि पोरांनी मला न विचारता चिठ्ठी ‘झाली’मध्ये सरकवून टाळ्या पिटल्या. त्यांचे यजमान, पाळकसाहेब, दारातच उभे होते. रागावले नाहीत, म्हणाले, एक चौथा रकाना करा, ‘प्रभूची इच्छा नाही’. मी विचारलं, त्यात चिठ्ठ्या सरकवायच्या कुणी? तेव्हापासून ते माझ्याशी फक्त हवेविषयी बोलतात.

इथपर्यंत निभावलं असतं. पण वर्गात एक मुलगी आहे, नऊ वर्षांची, तिला सगळे वकीलबाई म्हणतात. तिची चिठ्ठी अशी: बाबांनी परत आमच्याकडे राहायला यावं. (आईवडील वेगळे राहतात. का, ते मी विचारलेलं नाही.) इतरांच्या चिठ्ठ्या पुढे सरकत होत्या, हिची जागची हलत नव्हती. दर रविवारी ही फळ्यासमोर हाताची घडी घालून उभी. शेवटी म्हणाली, “मॅडम, ही पाठवलीय तरी कुणाकडे? आधीच्या बाईंकडे द्या ना, त्यांची कामं लवकर व्हायची.” मला ते लागलं म्हणून, की तिच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून, ते नक्की सांगता येत नाही, पण मी ती चिठ्ठी ‘काम चालू’मध्ये सरकवली.

परवा तिची आई ऑफिसात विचारत विचारत मी होते त्या इमारतीत आली. मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते. ती वरून वाकून बोलली. पोरीने स्वतःचे सगळे कपडे एका फळीवर कोंबून अर्धं कपाट बाबांसाठी मोकळं केलंय. विचारलं तर म्हणते, चर्चमध्ये काम चालू आहे. “काम चालू आहे म्हणजे कोण करतंय, तेवढं सांगा मला,” आई म्हणाली. “मी तर करत नाहीये.” खड्ड्यातून वर यायला मी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

तब्येतीला जप.

तुझी भाची

ता.क. वर सगळं आटोक्यात असल्यासारखं लिहिलं गेलंय. आटोक्यात नाही. रविवारी ती येईल. चिठ्ठी मागे सरकवली तर काय सांगायचं आणि नाही सरकवली तर काय, दोन्ही मला येत नाही.

ता.क. २. लहानपणी माझी आई आजारी होती तेव्हा मीही तुला वर्गात असंच काहीतरी विचारलं होतं. तू काय म्हणालीस ते काही केल्या आठवत नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा वर्गात येऊन बसले होते, एवढं आठवतं. तर तेव्हा काय म्हणाली होतीस, ते कळव. फोन नको, लिहूनच पाठव. शनिवारपर्यंत उत्तर मिळावं.