मोजे वाळत घातलेली दोरी

प्रिय चिमणे,

एवढी मोठी जहाज-तपासनीस झालीस तरी मी तुला चिमणेच म्हणणार. राग आला तर खुशाल रुसून बस. कालच माझं जहाज बंदराला लागलं आणि तुझ्या वहिनीचं पत्र हातात पडलं. ‘ते तिकोनी आधार बसवायची गरज नव्हती, जहाज उगाच अडवलं’ असं तू लिहून द्यावंस म्हणून आमचे मालक हात धुऊन मागे लागलेत, नाहीतर तुझ्या नोकरीवर गदा. तूही कंटाळून सही करायला निघालीस म्हणे. थांब जरा, आधी हे वाच.

आईची मांडणी आठवते? जरा धक्का लागला की तिरकी व्हायची, भांडी खणखणायची. बाबा आपले खिळ्यांवर खिळे ठोकत बसले. तू एवढीशी, पण कोपऱ्यात लाकडाचा तिकोनी तुकडा बसवलास आणि मांडणी गप्प! जहाज डोललं की त्याच्याही चौकटीचे कोपरे असेच पिळवटतात, हे तुझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं.

आमच्या जहाजाच्या पुढच्या कोठारात तू लोखंडाचे नवे तिकोनी आधार लावून घेतलेस, मागच्याला मालकाने हात लावू दिला नाही. म्हणून आम्ही निघताना, कुठली चौकट पिळवटते ते दिसावं म्हणून, दोन्हींकडे तिरपी दोरी ताणून बांधलीस, खालच्या कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि हात लावू नका म्हणून बजावलंस. आमच्या खानसाम्याने दोन्हींवर मोजे वाळत घातले! मी त्याची खरडपट्टी काढतोय तोच वादळानं गाठलं. मागच्या कोठारात जहाज एका अंगाला कललं की दोरी ताणली जाऊन मोजे टुणकन उडायचे, दुसऱ्या अंगाला कललं की लोंबायचे. पुढची दोरी मात्र होती तशीच ताठ. खानसामा पांढराफटक पडला होता. खरं सांगू, मीही घाबरलो गं.

आज सकाळी पाहिलं, मागच्या कोपऱ्यात वेल्डिंगला वीतभर चीर गेलीय. तुझ्या आधारांचा रंगसुद्धा उडालेला नाही. काय काम केलंयस, पोरी! तुझा दादा असल्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. आम्ही सगळे धडधाकट परत आलो ते तुझ्या हट्टामुळे.

तेव्हा सही करू नकोस, एवढंच सांगायला हे लिहितोय. कप्तान म्हणून मालकाला मी कळवून टाकलंय, मागच्या कोठारात तुझे आधार बसेपर्यंत हे जहाज धक्क्यावरून हलणार नाही. नोकरी गेलीच तर आता दोघांची एकदम जाईल. आईला मात्र तूच सांगायचंस.

तुझाच,
धक्क्याला जहाज बांधून बसलेला दादा