राखाडी चिलखत आणि सात नंबरची खोली

२ डिसेंबर, दुपारी १

निश्चय केला. लेकीच्या, पिहलाच्या, तिसाव्या वाढदिवसाला, म्हणजे १३ जानेवारीला, तिला राखाडी चिलखत भेट द्यायचं. सहा आठवडे आहेत. कागद कारखान्यात एकतीस वर्षं मशीन सांभाळलं; एक व्हिडिओ गेम काय जड आहे!

गेल्या उन्हाळ्यात पिहला तिच्या आईला या खेळाबद्दल सांगत होती. मी मासे साफ करत ऐकलं. जंगलातलं जुनं क्षयरोग्यांचं इस्पितळ, आत भुतं, त्यातून जिवंत बाहेर पडायचं. तिथे कुठेतरी एक चिलखत दडलेलं आहे. ते अंगावर असलं की कुठलंच भूत शिवत नाही. पिहला दोन वर्षं झगडली, मिळालं नाही. मिळालं तर दुसऱ्या खेळाडूला पाठवता येतं, एकदाच.

ऑगस्टमध्ये माझी बायको हेल्वी गेली. तेव्हापासून पिहला माझ्याशी बोलत नाही. आईचं दुःख, दुसरं काही नाही. चिलखत मिळालं की बोलेल.

५ डिसेंबर, गुरुवार

पिहलाच्या खोलीतला जुना खेळ टीव्हीला जोडला. नाव विचारलं, मी खरंखुरं लिहिलं: काउको. सव्वा मिनिटात मेलो. कंट्रोलर जुना आहे. शिवाय मटाराचं सूप चुलीवर होतं, लक्ष तिकडे.

नंतर अकरा वेळा मेलो. सराव म्हणून.

७ डिसेंबर, शनिवार

रेयो सॉनात वाफ घ्यायला आला. शेजारी आणि कारखान्यातला जुना सोबती. त्याला चिलखताचं सांगितलं. म्हणाला, अरे काउको, तू तर लिफ्टमध्ये एकटा शिरत नाहीस. मी म्हणालो, पिहलासाठी करतोय. म्हणाला, मग फोन कर की तिला, ते सोपं पडेल. वाफेत बसून लोक काहीही बोलतात.

१३ डिसेंबर, सकाळी १०

वाचनालयातल्या बाईंनी माहिती काढून दिली. चिलखत मला वाटलं होतं तसं तळघरात नाही, तिसऱ्या मजल्यावर आहे, सात नंबरच्या खोलीत. तिथे पलंगावर एक आजारी बाई. तिच्याजवळ खुर्चीवर बसायचं, एक बटण दाबून तिचा हात धरायचा आणि ती आपण होऊन सोडेपर्यंत धरून ठेवायचा. साधारण चाळीस मिनिटं. बटण सुटलं की सगळं पहिल्यापासून.

एवढंच! मारामारी नाही, पळापळ नाही. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, बहुतेकांना हेच जमत नाही. हसू आलं.

१४ डिसेंबर

सात नंबरच्या खोलीत पोचलो. बसलो. चार मिनिटांनी उठलो. कॉफी उतू गेली असावी असं वाटलं. केली नव्हती.

दुसऱ्यांदा नऊ मिनिटं. दारावर कोणी आलं का बघायला उठलो. कोणी नव्हतं.

१६ डिसेंबर

तिसऱ्यांदा सहा मिनिटं. पाठीत उसण. त्या खोलीतली खुर्ची चुकीच्या उंचीची आहे. म्हणजे माझी इकडची.

लिहून ठेवतो, कारण डोक्यात उगाच फिरतं. २१ ऑगस्टला मी हॉस्पिटलात नव्हतो. गाडीचे ब्रेक दाखवायचे होते. डॉक्टर स्वतः म्हणाले होते, अजून दोन-तीन दिवस आहेत. पिहला होतीच तिथे. एका वेळी फार माणसं असू नयेत.

१९ डिसेंबर, दुपारी अडीच

अंधार पडला, हिवाळ्यात इथे एवढ्या लवकरच पडतो. चौदा मिनिटं बसलो, हा आजवरचा विक्रम. बाराव्या मिनिटाला दिवे मंद होतात आणि खुर्चीच्या मागून कोणीतरी नावाने हाक मारतं. आपण लिहिलेल्या नावाने. काउको. मागे वळायचं नसतं. मी वळलो नाही. उठलो.

खेळ बंद केल्यावर स्वयंपाकघरातून परत तशीच हाक आली. मी ‘आलो’ म्हणालो. मोठ्याने. मग रेडिओ लावला. टीव्हीचा आवाज भिंतीत घुमत राहत असेल, जुनं घर आहे.

२० डिसेंबर

खेळातलं नाव बदलून ‘खेळाडू एक’ करून पाहिलं. बदलत नाही.

हाक स्वयंपाकघरातूनच येते. साधारण कॉफीच्या वेळी. आता मी उत्तर देत नाही. फक्त कप दोन काढले गेले, सवयीने.

२४ डिसेंबर, दुपारी ४

नाताळची पूर्वसंध्या. रिवाजाप्रमाणे सगळं गाव दफनभूमीत मेणबत्त्या लावायला गेलं. तापमान उणे चोवीस. या थंडीत गाडी सुरू झाली नसती. रेयो जाताना विचारायला आला. घराची चावी घेऊन बाहेर ये, माझ्या गाडीतून जाऊ, म्हणाला. मी म्हणालो, हॅम भट्टीत आहे. त्याने स्वयंपाकघरात डोकावून बघितलं. भट्टी गार होती.

परत आल्यावर सांगून गेला, हेल्वीच्या दगडाजवळ मेणबत्ती लावली. तिथे आधीच एक जळत होती. पिहला येऊन गेली. गावात आली आणि घरी आली नाही. घाईत असेल.

३ जानेवारी

नवीन वर्षाचा संकल्प: उठायचं नाही. कॉफी आधी, फोन बंद, पाठीला उशी.

एकवीस मिनिटं. एकविसाव्या मिनिटाला बाई डोळे उघडते आणि थेट बघते. पडद्यातून बाहेर. डोळे करडे. हेल्वीचे निळे होते, त्यामुळे काही संबंध नाही. मग आठवेना, खरंच निळे का. फोटो काढून बघितले. करडे.

११ जानेवारी, शनिवार

दोनच दिवस उरले. सॉनात रेयोला म्हणालो, उद्या येशील का, नुसता शेजारी बसायला? पाठीसाठी, काही लागलं तर. त्याने चेष्टा केली नाही. येतो म्हणाला. चेष्टा केली असती तर बरं वाटलं असतं.

१२ जानेवारी, दुपारी १२

मिळालं.

अकरा वाजता बसलो. रेयो सोफ्यावर. दिवे गेले, हाक आली, डोळे उघडले. मी नुसतं बटण धरून. अंगठा बधिर झाला. छत्तिसाव्या मिनिटाला बाई म्हणते, पाणी. पेला खिडकीत असतो, हात न सोडता पोचत नाही. मी म्हणालो, देतो गं, थोडं थांब. रेयो खिडकीबाहेर बघायला लागला. मग तिची बोटं एकेक करून सैल झाली आणि पडद्यावर अक्षरं आली: राखाडी चिलखत प्राप्त.

पडद्याकडे एकटक बघून डोळ्यांतून पाणी येतं, हे डॉक्टरही सांगतात. रेयोनेही नाक शिंकरलं. सर्दीची साथ आहे. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आता तिला फोन कर.

१३ जानेवारी, दुपारी ३

पिहलाला फोन केला. तिने उचलला.

वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मग चिलखताचं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तू त्या खोलीत बसलास? म्हणालो, हो. एकदाही न उठता? एकदाही न उठता, चाळीस मिनिटं.

ती म्हणाली, आईला अकरा तास लागले.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग म्हणाली, अंत्यविधीच्या दिवशी तू विचारलंस, आईने शेवटी तुझं नाव काढलं का. मी नाही म्हणाले. खोटं बोलले, तुला लागावं म्हणून. सारखी विचारत होती ती. शेवटपर्यंत. काउकोची गाडी झाली का, असं.

मी म्हणालो, झाली. ब्रेकचे पॅड बदलले.

ती म्हणाली, बरं. ठेवते, बाबा.

संध्याकाळी ५

चिलखत पाठवलं. वीस मिनिटांत परत आलं. ‘समोरच्या खेळाडूने भेट नाकारली आहे.’ सर्व्हरची काहीतरी गडबड असणार. उद्या वाचनालयातल्या बाईंना विचारतो.

संध्याकाळी ६

पॅड बदलले नव्हते. ब्रेक ठीकच होते. त्या दिवशी गॅरेजवाल्याने सकाळी नऊ वाजता चावी हातात दिली आणि म्हणाला, घेऊन जा, काही झालेलं नाही. मी तिथल्या बाकावर बसून राहिलो, हॉस्पिटलातून फोन येईपर्यंत.