शिळ्या पाण्यातले जोगळेकर

१९ जानेवारी २००३, रविवार

टाकी आली एकदाची. दोन फुटी. दिलीपने (पुढे दि., पुरं नाव लिहायचा कंटाळा येतो) रिक्षात मांडीवर घेऊन आणली, दर खड्ड्याला "भैया, धीरे" करत. मासे मात्र मिळाले नाहीत. दुकानदार म्हणाला, "भाभी, पहले पानी को पकने दो. मछली कहीं भागी नहीं जाती." खडे, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर आणि मागे चिकटवायला समुद्राचं निळं चित्र, एवढंच घेऊन परत.

शेजारच्या हंसाबेन लगेच हजर. "ईशान कोने में रखो. आठ लाल, एक काली. काली सब नजर खा जाती है." ईशान्येला आमचा फ्रिज. तो काय हलवणार? टाकी खिडकीखाली ठेवली, नानांच्या खुर्चीसमोर. ती त्यांच्यासाठी आणलीय हे त्यांना सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय.

२२ जानेवारी

नुसत्या पाण्यात बुडबुडे चाललेत. नाना बघतसुद्धा नाहीत.

माई, म्हणजे सासूबाई, जाऊन वर्ष होईल आता. दि.ने गिरगावची खोली सोडायला लावली आणि वडिलांना इथे मीरा रोडला आणलं. माझे ते सासरे, पण मी त्याच चाळीत खालच्या मजल्यावर वाढले, त्यामुळे लग्नाआधीही नाना आणि नंतरही नानाच. पहाटे नळ आला की जिन्यातून हाक यायची, "बेबी, उठव आईला, पाणी आलं." माईंची कंबर धरलेली, म्हणून पाणी भरणं नानांकडे. कालचं शिळं पाणी ओतायचं, पिंप घासायचं, हंडा-कळशी लखलखीत करायची, ताजं भरून वर पंचा बांधायचा. गोदीतली कारकुनी त्यानंतर. सुट्टीच्या दिवशीसुद्धा चुकलं नाही.

इथे काय, नळ फिरवला की पाणी. पहाटे चारला उठून माणसाने करायचं काय? उठतात, खुर्चीत बसतात.

मला बेबी म्हणणारे आता तेवढेच उरलेत. आई गेली, माई गेल्या. बाकी सगळ्यांना मी बी विंगमधल्या मिसेस सावंत.

२ फेब्रुवारी, रविवार

मासे आले. आठ लाल, एक काळा. (हंसाबेन जिंकल्या.) पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची असते, मग हळूच सोडायचे. दि. घड्याळ लावून बसलेला.

नाना उठून आले. चष्मा पुसला, वाकले. काळ्याचे डोळे बाहेर आलेले, बटबटीत. नाना बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, हा तर आपला जोगळेकर."

मी तिथेच फतकल मारली आणि हसत सुटले. खोली नंबर नऊचे जोगळेकर, जाड भिंगांचे, गॅलरीत कोण आलं कोण गेलं ते बघत उभे. अगदी तस्से. मग नाना थांबेनात. जाडी, सारखी खालून वर येणारी ती मालतीबाई. एकमेकांच्या मागे लागलेले दोघे परांजपे बंधू. "आणि ही कोपऱ्यात एकटी, कुणात न मिसळणारी, ही कोण सांग." मी म्हटलं, मास्तरीण. "बरोब्बर."

रात्री जेवताना नानांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. वर्षभरात एवढे बोलले नव्हते.

११ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या आधी टाकीपाशी. "परांजपे आज सोसायटीच्या मीटिंगला बसलेत." "मालतीबाईला दोन दाणे कमी घाल, बीपी आहे तिला." मी कामं टाकून ऐकत बसते. नंतर आमटी लागते, ती लागू दे.

राई गावाहून येणारी मासळीवाली दारातून टाकी बघून अवाक. "खायाची न्हाय, तर ठेवलीस कशाला गं?" मी म्हटलं, नावं ठेवलीत त्यांची. तिने पाटी उचलली आणि हंसाबेनच्या दारावरून हसत हसत पुढे गेली. हंसाबेन लसूणसुद्धा खात नाहीत, त्यांना हसू आलं नाही.

२८ फेब्रुवारी

उद्या-परवा ताईकडे डोंबिवलीला, भाच्याचं केळवण. नाना येत नाहीत. "ह्यांना कोण बघणार?" बरंच वाटलं. खाऊचा डबा, चमचा, सगळं समोर मांडून ठेवलं. दि. म्हणतो, बाबांना आता सोबत झाली. टाकी आणायचं डोकं त्याचं, त्यामुळे कॉलर ताठ.

२ मार्च, रविवार

संध्याकाळी परतलो. दार उघडलं तर टाकी अशी लखलखतेय की मधे काच आहे की नाही कळेना. खडे पांढरेशुभ्र. स्पंज नवाकोरा. नाना समोर उभे, बाह्या सरसावलेल्या, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.

"बघ बेबी. महिना झाला, एकाच पाण्यात ठेवलंय बिचाऱ्यांना. खाली गाळ, काचेला बुळबुळ. शिळ्या पाण्यात कोण राहतं? सगळं ओतलं, घासलं, ताजं भरलं."

नळाचं, थेट. म्हणजे त्यात क्लोरीन. अर्धंसुद्धा एकदम बदलायचं नाही, नळाचं पाणी दोन दिवस मुरवल्याशिवाय घालायचं नाही, हे दुकानदाराने मला आणि दि.ला बजावलं होतं. नानांना कुणी सांगितलंच नाही. त्यांना काम नको म्हणून.

मासे वर येऊन तोंडं उघडतायत. नाना म्हणाले, "बघ, खूश झालेत."

मी म्हटलं, हो.

३ मार्च

सगळे गेले. जोगळेकर तेवढे तळाशी, एका कुशीवर, पण कल्ले हलतायत. मी उठायच्या आत नाना टाकीसमोर उभे होते. त्यांनीच एकेकाला हाताने काढलं, वर्तमानपत्रावर ठेवलं आणि कंपाउंडमध्ये बदामाच्या झाडाखाली पुरून आले.

प्यायच्या पाण्याचं पिंप भरलेलं होतं, कालचं. जोगळेकरांना त्यातलं बादलीभर काढून त्यात सोडलं, पंप लावला.

दि.ने त्यांना समजावून सांगितलं. औषध असतं पाण्यात, माणसांना चालतं, माशांना नाही, वगैरे. नाना ऐकत होते की नाही, माहीत नाही. "दुसऱ्यांदा चाळ रिकामी झाली," एवढंच म्हणाले. फार रडू आलं, मोरीत जाऊन रडले.

९ मार्च

खुर्ची फिरवून घेतलीय. तोंड भिंतीकडे.

२१ मार्च

नानांनी स्वतःहून गावाला फोन लावला, गुहागरला, धाकट्या भावाला. आंबे उतरवायचे दिवस आलेत, देखरेखीला माणूस हवंय, मी येतो. परत कधी? तर, "परत कशाला? इथे मी काय करतो? खाली टाकी, वर टाकी, बटण दाबलं की पाणी चढतं. एक काम अंगावर घेतलं, तर ते असं."

२३ मार्च, रविवार

दि.शी भांडण. तो म्हणतो, त्यांना जायचंय तर जाऊ दे, आपण अडवणारे कोण. मी म्हटलं, तिथे ओट्यावर बसून राहतील, आणि त्या मातीच्या घरात रात्री कुणाला हाक मारतील? तो म्हणाला, "तू त्यांच्यासाठी बोलतेयस की तुझ्यासाठी?"

माझ्यासाठी. त्यात लपवायचं काय आहे? मला बेबी म्हणणारं माणूस घरात हवंय.

३० मार्च

जोगळेकर पोहायला लागले. शेपूट थोडी झिजलीय. दुकानदाराने मीठ घालायला सांगितलं होतं, तेही घातलं. परत टाकीत सोडायचं तर मुरलेलं पाणी हवं, पुष्कळ. दि. सकाळी सातला जातो आणि रात्री आठला येतो तो आडवा होतो. बादल्या भरताना मी मुद्दाम जरा जास्तच कण्हले.

नाना आले. "काय करतेयस?"

"पाणी भरून ठेवतेय. दोन दिवस तसंच ठेवायचं, मग त्यांना घालायचं."

"म्हणजे शिळं?"

"शिळंच लागतं त्यांना."

"जन्मभर शिळं ओतलं," म्हणाले. "माई ऐकती तर पोट धरून हसली असती." माझ्या हातातून बादली घेतली. वर पंचा बांधला.

६ एप्रिल

तिकीट आलं. २६ तारखेचं, बोरिवलीहून सकाळची एसटी. दि.नेच काढलं. नानांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं. आज भाजी खारट झाली आणि कुणी तक्रार केली नाही.

रोज चारला बाथरूममधून आवाज येतो, बादली सरकवल्याचा. मी कूस बदलून झोपते. बरं वाटतं. लहानपणी असंच वाटायचं.

१३ एप्रिल

"जोगळेकराला एकटा ठेवू नकोस," नाना सकाळी म्हणाले. "गॅलरीत उभा राहून बघणार कुणाकडे?"

मग आम्ही दोघे शेअर रिक्षाने दुकानात. नाना इथे आल्यापासून कंपाउंडबाहेर पडले असतील ते दवाखान्यापुरते. रस्ताभर बघत होते. इतकी दुकानं, इतकी माणसं, सगळी कुठून आली, असं रिक्षावाल्याला विचारत होते. तो म्हणाला, "चाचा, मैं जौनपुर से." दुकानात निवड सगळी त्यांची. दुकानदाराला उलट विचारलं, "तुम पानी कितना दिन रखता है?" तो म्हणाला, एक दिन. नाना माझ्याकडे वळून हळूच, "बघ. आपण दोन."

चार लाल आणले. मालतीबाई, परांजपे, मी नावं घ्यायला लागले. नानांनी हात आडवा केला. "नको. ते गेले. ही इथलीच." एक सारखी तोंड उघड-मीट करत काचेला लागलेली. तिचं नाव हंसाबेन. आतून दि.सुद्धा हसला.

२० एप्रिल, रविवार

एक तृतीयांश पाणी बदललं. नानांनी, तांब्याने, धार न लागता, आतल्या बाजूने. मी फक्त पाणी उपसायची नळी धरली. पाणी निवळशंख, पण त्यांना ते चालत नाही आता. "फार स्वच्छ नको, थोडं अंगचं राहू दे."

बॅग माळ्यावरून काढून दिली. मागितली त्यांनी.

२५ एप्रिल, शुक्रवार

उद्या सकाळची गाडी. बॅग भरून दाराशी. काठी, छत्री, धाकट्या भावजयीसाठी घेतलेली साडी. हंसाबेन फरसाण देऊन गेल्या, "नानाजी, टाइम से वापस आना." नाना नुसते हसले. त्यावरून काय ते समजायचं.

दिवसभर नेहमीचंच. पेपर, दाणे, दुपारची झोप. संध्याकाळी मी दिवा लावून आत गेले तर बाथरूममध्ये दोन बादल्या काठोकाठ भरलेल्या, वर पंचे घट्ट बांधलेले. परवा रविवार. परवाचं पाणी.

म्हणजे नाना जात नाहीत? दि. आल्याबरोबर त्याला दाखवलं. त्याने बूट काढत बघितलं. "तुला भरायला नको म्हणून करून ठेवलं असेल," म्हणाला. "उद्या नसणार ना ते."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नाना खोलीत, दिवा चालू. वाटेत खायला उद्याचा डबा करू का, एवढं विचारलं की कळेल. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले.